पतंग आपला, मांजा त्यांच्या हातात

एप्रिल २०२४ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या काही ग्राहकांनी कॉम्प्युटरवरची आपली गेमची यादी उघडली, तेव्हा 'द क्रू' नेहमीच्या जागेवर नव्हता. तो निष्क्रिय गेमच्या वेगळ्या खान्यात नेऊन ठेवला होता. त्यावर क्लिक केलं की निरोप यायचा, की तुम्हाला आता हा गेम खेळता येणार नाही. आणि लगेच पुढे सुचवणी, की साहस चालू ठेवायला आमच्या स्टोअरमध्ये एकदा डोकावून का बघत नाही?

त्या दुसऱ्या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकलो. ते कुणीतरी पगार घेऊन लिहिलं, कुणीतरी वाचून 'ठीक आहे' म्हटलं, आणि पैसे मोजलेल्या माणसांना ते दाखवलं गेलं. गेम कंपन्यांना लोक घालतात त्या शिव्या वाचणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग आहे, त्यामुळे युबिसॉफ्टबद्दलचा संताप मला नवा नव्हता. पण कंपनीला ग्राहक कसा दिसतो, हे त्या सगळ्या शिव्यांपेक्षा या एका ओळीत जास्त स्वच्छ दिसलं.

'द क्रू' हा गाड्या पळवायचा गेम. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओने तो केला आणि युबिसॉफ्टने २ डिसेंबर २०१४ ला बाजारात आणला. त्यात अख्खी अमेरिका आकसून बसवली होती. न्यूयॉर्कहून निघायचं, मधली सपाट शेतं, मग डोंगर, मग वाळवंट, आणि तासाभरात लॉस एंजेलिसचा समुद्र. शर्यत लावलीच पाहिजे असं नव्हतं. पुष्कळ जण त्यात रेडिओ लावून नुसते हिंडायचे. एकट्याने खेळता येईल अशी कथाही होती. फक्त अट अशी, की एकट्याने खेळतानाही इंटरनेट चालू हवं आणि पलीकडे कंपनीचा सर्व्हर जिवंत हवा. १४ डिसेंबर २०२३ ला कंपनीने विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला. अगदी अलीकडे घेतला असेल तर पैसे परत मिळण्याची सोय होती. बाकीच्यांना काही नाही. कंपनीच्याच आकड्यानुसार तोवर एक कोटी वीस लाख लोक तो खेळून गेले होते.

पतंग विकायचा, पण मांजाचं टोक आपल्याच हातात ठेवायचं, असा हा सौदा. वारा चांगला असेतो गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येत नाही.

आणि खरं सांगायचं तर या मांजाकडे आम्ही खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षं फारसं बघितलंच नाही. युबिसॉफ्टवर लोक चिडले ते कित्येकदा. चिडण्यात कुचराई कधीच झाली नाही. पण बहुतेक वेळा राग निघाला तो डोळ्यांना दिसेल अशा गोष्टीवर.

ही कंपनी १९८६ मध्ये पाच गिय्मो भावांनी काढली. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं हे कुटुंब शेतकऱ्यांना लागणारा माल विकायचं. त्यातून मुलं कॉम्प्युटरच्या विक्रीकडे वळली आणि तिथून गेमकडे. आज जगभर स्टुडिओ आहेत. त्यातला एक पुण्यात आहे, एक मुंबईत, आणि त्यांच्याकडे मी येतोच. पाचांपैकी ईव्ह गिय्मो अजूनही कंपनीचे प्रमुख आहेत. अशा घरगुती मुळाच्या कंपनीबद्दल आपल्याला उगाचच माया वाटते. वाटू नये.

आता २०१० ची गोष्ट. त्या वर्षी मार्चमध्ये युबिसॉफ्टचाच 'असॅसिन्स क्रीड २' हा गेम कॉम्प्युटरवर आला तो एक नवं कुलूप घेऊन. गेम चालू असेपर्यंत इंटरनेट सतत जोडलेलं हवं. जोडणी तुटली की गेम थांबणार. चोरून कॉपी करणाऱ्यांना रोखायला ही सोय, असं कारण होतं. आला त्याच आठवड्याच्या शेवटी कुणीतरी कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला केला आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाच खेळता येईना.

हे युरोप-अमेरिकेतलं. त्याच सुमाराला आपल्याकडे सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट, आणि तेही कागदावर. राज्यातल्या बऱ्याच गावांत रोज काही तास भारनियमन. घरोघरच्या कॉम्प्युटरला यूपीएस असायचा, मोडेमला नसायचा. वीज गेली की पडदा चालू आणि नेट बंद, अशी दहा-पंधरा मिनिटं प्रत्येकाच्या ओळखीची. त्या दहा मिनिटांत माणूस पूर्वी शांतपणे काम सेव्ह करायचा किंवा खेळत राहायचा. या कुलुपाने तेवढंही ठेवलं नाही. मग साताऱ्यात किंवा जळगावात बसलेल्या मुलाने हजार रुपयांचा ओरिजिनल का घ्यावा? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरची शंभराची डीव्हीडी कुलूप तोडूनच मिळायची, आणि वीज गेली तरी चालायची. चोरी बरोबर होती असं मी म्हणत नाही. पण प्रामाणिक गिऱ्हाइकाला चोरापेक्षा हलका माल द्यायचा, हे धंद्याचं कुठलं गणित? कंपनीला ते सोडायला दोन वर्षं लागली. २०१२ मध्ये सततच्या जोडणीची ती सक्ती मागे घेतल्याचं तिने जाहीर केलं.

मागे घेतली म्हणजे तशी उघड कुलूप म्हणून मागे घेतली. पुढे तीच गोष्ट गेमच्या रचनेचाच भाग म्हणून आली. 'द क्रू' हा त्याचा नमुना. 'सगळं जग एकमेकांशी जोडलेलं आहे' असं म्हटलं की कुलूप हे कुलूप दिसत नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये मात्र कुणाचं तिकडे लक्ष असण्याची शक्यताच नव्हती. त्या महिन्यात 'असॅसिन्स क्रीड युनिटी' आला. फ्रेंच राज्यक्रांतीतलं पॅरिस, रस्त्यावर हजारोंची गर्दी, आत शिरता येईल असं नोत्र दाम कॅथेड्रल. आणि पहिल्याच दिवसापासून एक चित्र जगभर फिरलं. गेममधल्या माणसांचे चेहरे काही कॉम्प्युटरवर नीट उमटतच नव्हते. दोन बुबुळं, वर-खाली दातांच्या कवळ्या, डोक्यावर व्यवस्थित केस, आणि मध्ये काहीच नाही. असे दोघे जण एकमेकांशी प्रेमाने बोलतायत. मी तेव्हा हसून हसून बेजार झालो होतो, आजही ते चित्र दिसलं की हसू येतं. शेअर घसरला, माँट्रियल स्टुडिओचे प्रमुख यानिस माला यांनी जाहीर माफी मागितली, गेमचा पुढचा भाग सगळ्यांना फुकट दिला आणि सीझन पास घेतलेल्यांना, म्हणजे पुढच्या भागांचे पैसे आगाऊ भरलेल्यांना, यादीतला एक अख्खा गेम फुकट निवडायला सांगितला.

त्या यादीत एक नाव 'द क्रू' होतं.

म्हणजे चेहरे दिसले नाहीत याची भरपाई म्हणून काहींनी जो गेम घेतला असेल, तो पुढे सव्वानऊ वर्षांनी कंपनीने परत काढून घेतला. 'द क्रू' स्वतः या सगळ्या गदारोळानंतर तीन आठवड्यांनी बाजारात आला. त्याला सतत नेट लागतं यावर कुरकुर झाली, पण दंगा झाला नाही. दंगा करण्यासारखं त्यात काही दिसतच नव्हतं. चित्रं व्यवस्थित होती, चेहरे शाबूत होते.

युनिटीचीच एक उलटी गंमत जाता जाता सांगतो. एप्रिल २०१९ मध्ये नोत्र दामला आग लागली, तेव्हा युबिसॉफ्टने पाच लाख युरो दिले आणि आठवडाभर युनिटी फुकट वाटला. लोक गेममधल्या शाबूत कॅथेड्रलमध्ये हिंडून आले आणि ज्या गेमला एकेकाळी धुतलं होतं त्याच्या पानावर येऊन भरभरून चांगले अभिप्राय लिहिले. हे आम्ही असे. रागही पटकन, लोभही पटकन.

आता पुण्याकडे.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे नाव माझ्या पिढीतल्या मराठी माणसाला सांगावं लागत नाही. माझ्यासाठी ते साताऱ्यातल्या कॉम्प्युटर क्लासचं नाव आहे. चपला बाहेर काढायच्या, कारण आत एसी आणि आत धूळ चालत नाही. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीत काळ्या पडद्यावर टाइप करायचं आणि पांढऱ्या विजारीतला तो सडपातळ राजपुत्र तळघरात उभा. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. हलणारी फरशी, जमिनीतून वर येणारे सुळे, उघडमीट करणारी कात्री. पण लक्षात राहिली ती त्याची चाल. तो धावता धावता थांबला की दोन पावलं घसरायचा. कठड्याला बोटांनी लटकायचा, मग अंग वर खेचायचा, आणि ते खेचणं बघताना आपल्याच खांद्यांना ताण जाणवायचा. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये हा गेम केला तेव्हा धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं होतं आणि त्यावरून एकेक चौकट काढली होती. म्हणून ती चाल माणसाची वाटायची.

त्या जुन्या गेमच्या डॉस आवृत्तीत पहिल्या पातळीनंतर एक दालन होतं. तिथे पेयांच्या कुप्या मांडलेल्या आणि प्रत्येकीवर अक्षर. बरोबर अक्षर कुठलं हे ओरिजिनल गेमबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत बघायचं. चुकीची कुपी प्यायली की राजपुत्राला विष बाधायचं. म्हणजे विकत घेतलेल्याने पुस्तिका शोधत बसायचं, आणि साताऱ्यात फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आलेल्या आमच्या कॉपीतलं विष कुणीतरी आधीच उतरवून ठेवलेलं! मांजाचा पहिला बारीक दोरा तिथे दिसतो. फरक एवढाच, की ती पुस्तिका एकदा घरात आली की घरातच राहायची.

याच राजपुत्राचा नवा अवतार, 'सँड्स ऑफ टाइम', युबिसॉफ्टने २००३ मध्ये आणला आणि तो खरोखर फार सुंदर होता. त्याचा रीमेक करायचं काम पुढे कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे आलं. पुण्याचा स्टुडिओ युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्ट या गेम कंपनीकडून घेतलेला. तोवर त्याच्याकडची बरीचशी कामं दुसऱ्यांच्या गेमना हात लावायची, एका यंत्रावरचा गेम दुसऱ्या यंत्रावर आणायची, 'जस्ट डान्स'सारख्या मालिकांना मदत करायची. एवढ्या मोठ्या नावाचं काम भारतातल्या स्टुडिओंनी पुढे उभं राहून करायचं, ही बातमीच होती. १० सप्टेंबर २०२० ला ट्रेलर आला. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरातच. इथल्या खेळणाऱ्यांना आधी अभिमान वाटला आणि अर्ध्या तासात तो उतरला.

ट्रेलर चांगला नव्हता. माझंही तेच मत होतं, आजही आहे. चेहरे मेणाचे, उजेड सपाट, राजपुत्राच्या हालचालीत ते वजनच नाही. दोन पिढ्या जुना गेम वाटतो, असं लोक म्हणाले आणि त्यात तथ्य होतं. पण पुढे जे झालं ते तथ्यापाशी थांबलं नाही. 'भारतात काम दिलं की असंच होणार' या धाटणीची वाक्यं ट्रेलरखाली हारीने लागली, आणि त्यांत आपली माणसं मागे नव्हती. काटकसर करून स्वस्तात उरकायला बघितलं असेल तर तो निर्णय पॅरिसमध्ये कुठल्यातरी टेबलावर झाला असणार. गेमची किंमत चाळीस डॉलर ठेवली होती, मोठ्या गेमच्या तेव्हाच्या साठच्या मानाने कमी. त्यावरून बजेटचा अंदाज कुणालाही यावा. पण टेबल कुणाला दिसत नाही. स्टुडिओचं नाव ट्रेलरमध्ये दिसतं.

माझा भाचा तेव्हा आठवीत होता. फोन हातात घेऊन आला.

"मामा, तू डिसलाइक केलंस का?"

"कशाला?"

"अरे सगळे करतायत. फालतू आहे."

"तू जुना खेळलायस?"

"नाही. पण हे फालतूच आहे ना?"

होतंच. मी काही बोललो नाही.

आमच्या शेजारच्या सोसायटीतला एक मुलगा तेव्हा गेम टेस्टिंग करायचा, दुसऱ्याच एका कंपनीत. त्याच्या कामाचं वर्णन त्याच्या आईच्या शब्दांत, 'दिवसभर गेम खेळतो आणि पगार घेतो'. प्रत्यक्षात तो एकाच खोलीच्या भिंतींवर दिवसभर पात्र आपटायचा, कुठून ते भिंतीतून आरपार जातं हे बघायला. आरपार गेलं की बग, म्हणजे गेममधली चूक, नोंदवायचा, कुठे उभा होतो, काय दाबलं, किती वेळा झालं. मग ती खोली दुरुस्त होऊन आली की पुन्हा पहिल्या भिंतीपासून. त्याला मी त्या ट्रेलरबद्दल विचारलं. "काका, ट्रेलरला कुठला भाग द्यायचा, कधी द्यायचा, हे आम्हाला कुणी विचारत नाही," तो म्हणाला. "आम्ही एक्सेल शीटमध्ये असतो."

पुढचं थोडक्यात. २१ जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे दिलं, म्हणजे ज्यांनी २००३ चा मूळ गेम केला त्यांच्या घरी. लोक म्हणाले, बघा, आम्ही ओरडलो म्हणून झालं. ग्राहकाचा विजय. आणि मग २१ जानेवारी २०२६ ला, मूळ तारखेनंतर बरोबर पाच वर्षांनी, युबिसॉफ्टने सहा गेम रद्द केल्याचं जाहीर केलं, त्यात हा एक. हवा तो दर्जा गाठायला आणखी वेळ आणि पैसा लागला असता आणि तो घालणं परवडणारं नाही, असं कारण दिलं. माँट्रियलकडे तो साडेतीन वर्षांहून जास्त होता. तेव्हा मात्र 'कॅनडात काम दिलं की असंच होणार' असं कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

मी पुणेकर म्हणून चिडून हे लिहितोय असं वाटेल. थोडं तसं असेलही. पण मुद्दा अभिमानाचा नाही. २०२० च्या त्या लाटेत हजारो माणसांनी काही तासांत एक प्रकल्प हलवला, एवढी ताकद आमच्यात आहे. ती ताकद खर्च झाली कशावर, तर अजून कुणी विकत न घेतलेल्या गेमच्या चित्रांवर. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांना ते परत मिळाले. त्या अर्थाने ग्राहकाचं नुकसान शून्य. आणि बरोबर त्याच काळात 'द क्रू' दुकानात विकला जात होता, चित्रं झकास, अट तीच, आणि त्याबद्दल ओरडायला कुणाला वेळ नव्हता.

जानेवारी २०२४ मध्ये युबिसॉफ्टच्या वर्गणी सेवेचे एक अधिकारी फिलिप ट्रांब्ले एका मुलाखतीत म्हणाले, की लोकांना सीडी-डीव्हीडी स्वतःच्या मालकीची नसण्याची सवय झाली, तशी गेम मालकीचे नसण्याचीही सवय व्हायला हवी. बोलण्याचा संदर्भ वर्गणीचा होता, महिन्याचे पैसे भरून खेळणाऱ्यांबद्दलचा, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण हे वाक्य आलं तेव्हा 'द क्रू'चा सर्व्हर बंद व्हायला अडीच महिने उरले होते. या वेळी लोकांना मांजा दिसला.

तो दाखवणारा माणूस म्हणजे रॉस स्कॉट. अमेरिकन, राहायला पोलंडमध्ये, यूट्यूबवर गेमबद्दल संथ, काहीशा रडक्या आवाजात तासतासभर बोलणारा. एप्रिल २०२४ मध्ये त्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली. मागणी साधी. कंपनीने सर्व्हर कायम चालवावा असं नाही. बंद करताना गेम चालण्याजोगा ठेवून जा, एवढंच. त्यासाठी त्याने शिव्यांचा रस्ता घेतला नाही. निरनिराळ्या देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांकडे तक्रारी कशा करायच्या याचे तक्ते बनवले आणि मोहिमेतल्या युरोपीय नागरिकांनी युरोपीय संघात सह्यांचा अर्ज दाखल केला. वर्षभरात दहा लाख सह्या, शिवाय किमान सात देशांत ठरलेला उंबरठा ओलांडायचा. जुलै २०२४ च्या शेवटी सह्या सुरू झाल्या आणि पहिल्या जोरानंतर गाडी अडली. जून २०२५ मध्ये निम्मासुद्धा आकडा झालेला नव्हता. त्याने 'संपलं' अशा सुराचा व्हिडिओ टाकला. मग इतर यूट्यूबरांनी विषय उचलला, भांडणं झाली, आणि भांडणांमुळे आणखी लोक आले. ३ जुलैला दहा लाखांचा आकडा पार झाला. पडताळणी होऊनही बारा लाखांहून जास्त सह्या खऱ्या ठरल्या. ब्रिटनमध्ये वेगळ्या अर्जावर लाखावर सह्या झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यावर पार्लमेंटात चर्चा झाली.

ट्रेलरवरच्या रागाला अर्धा तास पुरला होता. याला सव्वा वर्ष लागलं. सहीसाठी नाव-पत्ता भरायचा, काही देशांत ओळखपत्राचा क्रमांकही. अंगठा खाली दाबण्यापेक्षा हे कंटाळवाणं काम, आणि मला त्याचाच आदर वाटतो.

कॅलिफोर्नियात दोघा ग्राहकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये युबिसॉफ्टवर दावाही लावला. त्यांच्या अर्जात पिनबॉलच्या यंत्राचं उदाहरण आहे. घरी पिनबॉल आणलंत, आणि काही वर्षांनी बघता तर त्यातले दांडे, चेंडू, सगळंच कुणीतरी काढून नेलेलं. कंपनीचं उत्तर, तुम्ही घेतला तो परवाना, मालकी कधी दिलीच नव्हती, आणि खोक्यावर तसं छापलेलं होतं. तेव्हा फिर्यादींनी तेच खोकं पुढे केलं. त्यात गेम सुरू करायचा जो कोड होता, त्याची मुदत २०९९ पर्यंत छापलेली! ही गोष्ट वाचल्यावर मी मोठ्याने हसलो. आपल्याकडचा कुठलाही मुरलेला वकील त्या एका आकड्यावर दोन तारखा घेईल. त्याच राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदाही केला, की डिजिटल वस्तू विकताना तुम्हाला परवाना मिळतोय हे दुकानाने स्पष्ट सांगितलं पाहिजे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या खरेदीच्या पानावर तशी ओळ दिसू लागली. सांगितलं म्हणजे झालं का, हा प्रश्न उरतोच.

पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हाची भांडणं टंचाईची, साठेबाजीची, भेसळीची. त्या भांडणांत एक सोय होती. वस्तू एकदा घरात आली की ती आपली, मग तिच्या दर्जावर काय ते भांडा. घरात आलेली वस्तू दहा वर्षांनी लांबूनच निकामी होईल, याची कल्पना तेव्हा कुणी कशाला करेल? २०१९ च्या आपल्या नव्या ग्राहक कायद्यात अन्याय्य करार हा प्रकार आला आहे. गेमच्या परवान्याचं कलम त्यात बसतं का, हे कुणीतरी राज्य आयोगापुढे जाऊन विचारायला हवं. आपल्याकडे असा हट्टी माणूस निघायला अडचण पडू नये.

कंपन्यांची बाजू पोकळ नाही. 'द क्रू'मध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या, खरी गाणी. त्यांचे परवाने मुदतीचे असतात आणि मुदत संपली की विक्री थांबते, हे रास्त. काही गेमचा प्राणच शंभर लोक एकत्र येण्यात असतो. त्यांचा सर्व्हर लोकांच्या हाती दिला तर तिथे चालणाऱ्या वाईट गोष्टींवर देखरेख कुणी करायची, असं युरोपातल्या प्रकाशकांची संघटना विचारते. आधीपासून ही सोय ठेवायची तर खर्च वाढेल, असंही म्हणते. जुलै २०२५ च्या भागधारकांच्या सभेत गिय्मोंना हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा त्यांच्या उत्तराचा रोख असा होता, की आम्ही सेवा देतो, कुठलीही सेवा कायम चालत नाही. हे शेवटचं मला पटत नाही. कायम चालवा असं कुणी म्हटलेलंच नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाला ठणठणीत उत्तर देण्याची ही लकब आपल्या नगरसेवकांकडेही असते.

शिवाय जमत नाही म्हणावं तर तसंही दिसत नाही. बोंब वाढल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच कबूल केलं, की 'द क्रू २' आणि 'मोटरफेस्ट' या पुढच्या दोन भागांना नेटशिवाय चालण्याची सोय देऊ, आणि 'द क्रू २'ला ती २०२५ मध्ये मिळालीसुद्धा. पहिल्या भागाचं काय? तो काही चाहत्यांनी, बिनपगारी, सर्व्हरचं काम उलट बाजूने उकलून सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा चालू केला. मूळ कंपनीकडे सगळी कागदपत्रं, सगळा कोड, करणारी माणसं. यांच्याकडे शनिवार-रविवार.

भाचा आता कॉलेजात आहे. 'द क्रू २' त्याने सेलमध्ये घेतला, ऑफलाइनची सोय आल्यावर. डाउनलोड झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर राउटरची वायर उपटली आणि गाडी पुढे जाते का बघितलं. गेली. मायामीच्या आसपास कुठेतरी होता. तो आणखी थोडा पुढे गेला असता, पण आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला, की तिची मीटिंग कुणी बंद पाडली.